चाखणीचा ट्रे

४ फेब्रुवारी

वहिनी,

माझं सगळं बदललं तो क्षण मला नेमका सांगता येईल. ती काचेच्या नळीतून एकेक थेंब सोडत होती, पात्रातलं पिवळट तेल एकदम गुलाबी झालं, आणि माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "गुलाबी झालं की थांबायचं. पुढचा एक थेंबसुद्धा जास्तीचा." तिचं सांगून होईपर्यंत मी थांबायच्या जागेच्या बराच पुढे निघून गेलो होतो.

कॉलेज सोडून पळालेल्या माणसानं पहिल्या पत्रात आधी हातपाय धड आहेत का ते कळवावं, असं तू म्हणशील. आहेत. जेवतोही, कधीकधी. आणि फोनवर माझं डोकं दोन वाक्यांत फिरतं, कागदावर निदान वाक्य पुरं करावं लागतं, म्हणून पत्रच लिहायचं, ही तुझी अट मान्य. बाबांना काही सांगू नकोस. प्राध्यापकांच्या टेबलावर वही आपटून, वर्गाचं दार सताड उघडं टाकून निघून आलेल्या मुलाचं त्यांना काय कौतुक असणार?

आता काम. डिझेल म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांसमोर नळ्या आणि धुराडी आली असतील. इथे तीन शेड आहेत आणि अळ्या आहेत. शहराचं खरकटं, सडकी भाजी, खानावळींचं उरलंसुरलं येतं. ते यंत्रात दळून ट्रेमध्ये पसरायचं आणि वर अळ्या सोडायच्या. कान लावला तर आवाज येतो, शेजारच्या खोलीत कुणी कागद चुरगाळत बसल्यासारखा. पंधरवड्यात अळ्या बोटाच्या पेराएवढ्या जाड होतात. काळ्या पडायच्या आत त्या उचलायच्या, वाळवायच्या आणि घाण्यात घालायच्या. हो, घाणाच, शेंगदाण्याचा असतो तसा. तेल एकीकडे, पेंड दुसरीकडे. पेंड कोंबड्यांना जाते आणि तेलाचं डिझेल होतं. तेलात आंबटपणा किती आहे हे आधी कळावं लागतं, नाहीतर डिझेलऐवजी साबण होतो. ते तपासायचं काम तिचं. सगळे तिला थेंबूताई म्हणतात. मी एकटाच नुसतं थेंबू म्हणतो, तेही मनात.

आणि मला काडेपेटी म्हणतात. हसू नकोस.

काही अळ्या बियाण्यासारख्या राखून ठेवतात. त्यांच्या माशा होतात. या माशा, वहिनी, काही खातच नाहीत! सगळं खाणं अळीपणी उरकलेलं. नुसत्या पाण्यावर राहायचं, उजेडात जोडीदार शोधायचा, लाकडी पट्टीच्या फटीत अंडी घालायची आणि संपायचं. मालकीणबाईंनी हे सांगितलं तेव्हा सगळे हसले. मी नाही हसलो. मी स्वतः आदल्या रात्रीपासून उपाशी होतो.

माशांच्या खोलीला दोन दारं आहेत. एक उघडून आत यायचं, ते नीट लावायचं, मगच दुसरं उघडायचं. मी आजवर दोनदा विसरलो आणि दोन्ही वेळा अख्खी शेड हातात जाळी घेऊन नाचली. बाई म्हणाल्या, "काडेपेटी, मागचं दार न लावता पुढे पळायची तुला खोडच आहे." त्यांना कुणी सांगितलं?

दुसरा नियम चाखणीचा. नेहमीच्या बाजाराचा माल सरळ दळतात. पण नव्या ठिकाणचा असेल तर मूठभर माल आधी कोपऱ्यातल्या एका ट्रेला घालायचा. दुसऱ्या दिवशी त्या अळ्या वळवळत असल्या तरच बाकीच्यांना वाढायचं. माल कुठला ते ट्रकवाल्यालाच ठाऊक, म्हणून त्यानं सांगायचं आणि मी करायचं. हा ट्रकवाला म्हणजे भोंगा. त्याला हळू बोलता येत नाही. तो कुजबुजला तरी रस्त्यावरची कुत्री उठतात. आल्या आल्या आधी थेंबूच्या काचेच्या खोलीत डोकावतो. काय काम असतं देव जाणे.

शहराची एक बस आमच्या डिझेलवर चालवून बघणार आहेत. पुढच्या महिन्यात. हे बाबांना सांगितलंस तर चालेल.

तुझा,
मीच

११ फेब्रुवारी

भाऊजी,

पत्र पोचलं. पाकीट उघडलं तेव्हा वास आला असं तुमच्या दादांचं म्हणणं आहे. मला नाही आला. मी तुमच्या बाजूनंच असते, हे लक्षात असू द्या.

तर थेंबू. बरं. मागच्या वर्षी वाचनालयातली होती, त्याआधी दंतवैद्याची मुलगी, जिच्यासाठी तुम्ही चांगला दात काढून घ्यायला निघाला होतात. ही तरी टिकू दे. पण एक सांगते. मुलीच्या खोलीत कोण डोकावतं त्याची गस्त घालणाऱ्याला ती मुलगी कधीच दिसत नाही, गस्तच दिसत राहते. तुमच्या नाकावर राग इतका जवळ बसलेला असतो की चष्मा ठेवायला जागा नाही.

जेवत जा. तुम्ही माशी नाही.

बाबा बरे आहेत. अजून रोज सकाळी बस डेपोत जायचं असल्यासारखे तयार होतात आणि मग पेपर वाचत बसतात. बसचं सांगितलं. दुपारी दादांना म्हणाले, "अळीच्या तेलात मेण असणार. थंडीत गोठेल. फिल्टर बघायला सांग." सांग, म्हणजे कुणाला ते काही म्हणाले नाहीत. मी समजले. तुम्हीही समजा.

माझ्याकडे शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलाय, मशीन बोलावतंय. दार लावत जा, भाऊजी. माशांचं आणि बाकीचंही.

वहिनी

२ मार्च

वहिनी,

पत्राला उशीर झाला. इथे मोठा घोटाळा झाला.

अळ्या मेल्या. थोड्याथोडक्या नव्हे, मधल्या शेडमधल्या सगळ्या. सकाळी आत गेलो तर तो कागदाचा आवाजच नव्हता. ट्रेमध्ये हात घातला तर मऊ, लांबट, भिजलेल्या वातीसारख्या. बियाण्याच्या राखलेल्याही त्याच शेडमध्ये होत्या, त्याही गेल्या. बसचं पुढे ढकललंय. कधीपर्यंत, कुणालाच माहीत नाही.

झालं असं. भोंग्यानं आदल्या दिवशी आणलेल्या मालात वर बाजाराची भाजी होती आणि खाली फुलांच्या बागेतला काढून टाकलेला पाला आणि फुलं. बागेत औषध फवारलेलं. यंत्रातून निघाल्यावर सगळा लगदा सारखाच दिसतो, मला काय कळणार? नव्या ठिकाणचा माल आणला तर सांगायचं काम त्याचं. बाईंनी सगळ्यांना घाण्याजवळ बोलावलं. भोंगा ओरडला, "मी याला सांगितलं होतं! चाखणी कर म्हणून सांगितलं होतं!" तो माल घेऊन आला तेव्हा घाणा चालू होता, बाकी कुणीच काही ऐकलेलं नव्हतं. बाईंनी मला विचारलं. मी म्हणालो, "नाही. मला काही सांगितलं नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं माझ्या आईवर, बापावर, येणाऱ्या सात पिढ्यांवर तोंड सोडलं. माझ्या अंगावर धावला तेव्हा दोघांनी धरला. त्यामुळे बाईंचं काम सोपं झालं असावं. त्यांनी त्याला त्याच दिवशी जायला सांगितलं. तसाही तो दांडगट आहे. कामचुकार आहे असं नाही, पण बेफिकीर. येता-जाता मोठ्यानं गाणी म्हणायचा. मागच्या महिन्यात फाटकाचा खांब वाकवला. कधी कुणाचं ऐकायचा नाही. बाजारवाल्यांशी भांडणं, वजनकाट्यावर भांडणं. आज ना उद्या हे व्हायचंच होतं, वहिनी. असा माणूस कुठेच टिकत नाही.

फाटकाजवळची त्याची खोली बाईंनी मला दिली आहे. मी आतापर्यंत पेंडीच्या पोत्यांशेजारी झोपत होतो, तेव्हा सोयच झाली. खोली बरी आहे. एक खाट, एक खिडकी. भिंतीवर खिळ्याला ट्रकचा जुना बाजूचा आरसा टांगलाय, तो त्यात दाढी करायचा. त्या आरशात सगळं आहे त्यापेक्षा लहान आणि लांब दिसतं.

थेंबू माझ्याशी बोलते आता. त्या दिवशी म्हणाली, "तू न ओरडता बोललास. मला वाटलं नव्हतं." तिनं आपल्या कपातला अर्धा चहा मला दिला.

बाकी ठीक.

मी

९ मार्च

भाऊजी,

आधी एक कबुली देते, म्हणजे तुम्हाला माझ्यावर रागावता येईल. तुमची पत्रं मी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवते. पहिल्या पत्रापासून. थेंबूचं सोडून. म्हणजे थेंबूचंही थोडं. "बाबांना काही सांगू नकोस" हे सुद्धा वाचलं. तेव्हा ते खिडकीकडे बघत होते.

परवाचं पत्र वाचलं. अळ्या मेल्या तिथे त्यांनी चष्मा काढून ठेवला. "नाही, मला काही सांगितलं नाही" इथवर आले तेव्हा त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "पुन्हा वाच." मी वाचलं. म्हणाले, "धावून आलेल्या माणसासमोर उभं राहून खरं सांगितलं पोरानं. डेपोत आम्हा मोठमोठ्यांची पाचावर धारण बसायची." मग उठून अंगणात गेले आणि बराच वेळ नुसते फिरत राहिले. रात्री जेवताना तुमचं नाव घेतलं. नाव, भाऊजी. वर्गाचं दार उघडं टाकून आलात त्या दिवसानंतर पहिल्यांदा.

आता ही पुढची ओळ मी त्यांना वाचून दाखवणार नाही.

मी या घरात आले तेव्हा तुम्ही चौथीत होतात. बाहेरच्या खोलीची काच तुम्ही चेंडूनं फोडलीत आणि मांजराचं नाव सांगितलंत. आठवतं? न केलेल्या गोष्टीचा आळ आला की तुम्ही घर डोक्यावर घ्यायचात. त्या दिवशी मात्र शहाण्यासारखे, हाताची घडी घालून, हळू आवाजात बोललात, "मांजरानं पाडली." सगळ्यांना पटलं. मला नाही पटलं, पण मी नवी होते, मूग गिळून बसले.

या पत्रात पानभर भोंगा आहे आणि तीन ओळी थेंबू. तुम्ही प्रेमात असताना असं कधी घडलं नव्हतं. अर्धा कप चहावर तुम्ही एरवी चार पानं लिहिली असती.

मी काही विचारत नाही. उत्तर द्यायचं तर द्या.

वहिनी

१६ मार्च

वहिनी,

हे बाबांना वाचून दाखवू नकोस. पाया पडतो.

त्यानं सांगितलं होतं.

त्या दिवशी भोंगा आला आणि नेहमीप्रमाणे आधी काचेच्या खोलीकडे गेला. घाणा सुरू होता. मी वाळवणाच्या जाळीशी उभा होतो. जाता जाता तो दारातल्या ट्रेजवळ जरा वाकला, मग थेंबूच्या टेबलाशी जाऊन त्यानं खिशातून एक फूल काढलं आणि तिच्या रिकाम्या काचपात्रात ठेवलं. तांबडं, मोठ्या पाकळ्यांचं. हातवारे करून काहीतरी म्हणाला. तिनं मान खाली घातली. वहिनी, माझ्या डोक्यात जे पेटलं ते मी तुला सांगू शकत नाही. नाव उगीच नाही पडलं माझं.

मग तो बाहेर आला, ट्रकची फळी पाडली आणि माझ्या कानाशी येऊन ओरडला, "काडेपेटी! खाली बागेतला माल आहे. आधी चाखणी कर, मग वाढ!" घाण्याच्या आवाजातसुद्धा मला शब्द न् शब्द ऐकू आला. त्याच्या अंगाला फुलांचा वास येत होता. मी मान दुसरीकडे वळवली. तो "ऐकलंस ना?" म्हणाला. मी फावडं उचललं. त्याला वाटलं ऐकलं. ऐकलंच होतं.

आणि मी सगळं दळलं आणि सगळ्यांना वाढलं. अळ्या मराव्यात असं मनात नव्हतं, खरंच नव्हतं. त्याचं ऐकायचं नाही, एवढंच होतं. त्यानं सांगितलं म्हणून चाखणी करायची नाही. पहिल्या पत्रात मी तुला सगळं बदलण्याचा क्षण कळवला होता ना? तो चुकीचा होता. खरा यायचा होता अजून. मी मान वळवली तो.

तरी सकाळी खरं सांगता आलं असतं. चूक होती, चिडून केलेली चूक. बाईंनी हाकललं असतं, दोन शिव्या खाऊन घरी आलो असतो. पण सगळे उभे होते, थेंबू समोर होती, आणि माझ्या तोंडून "नाही" बाहेर आलं. किती हळू आलं! मलाच नवल वाटलं. तू मांजराचं लिहिलंस तेव्हा माझ्या हातातून कागद पडला.

चोर सोडून संन्याशाला फाशी, हे आपण गमतीत म्हणतो. तो संन्यासी नव्हताच. शिवराळ होता, भांडकुदळ होता. म्हणूनच तर काम इतकं सोपं झालं. कुणीही त्याच्या बाजूनं बोललं नाही.

आता त्याच्या खाटेवर झोपतो. खाट मधे खोलगट झाली आहे, त्याच्या आकाराची. रोज सकाळी त्याच्या आरशात दाढी करतो. परवा गालाला ब्लेड लागलं. थेंबू म्हणाली, "थांब," आणि कापसानं पुसलं. तिची बोटं माझ्या गालाला लागली, वहिनी. ज्यासाठी मी उपाशी राहिलो, ते. आणि मला ओकारी आली. मी पळत बाहेर गेलो. तिला वाटलं वासानं झालं.

मी सांगितलं तर ती जाईल. नाही सांगितलं तर ती राहील, पण माझ्याजवळ नाही. ती त्या न ओरडता बोललेल्या मुलाजवळ राहील. असा कुणी मुलगाच नाही.

बाबांना त्या दिवशी अंगणात फिरावंसं वाटलं, हे तू मला कळवायला नको होतंस.

मी

२४ मार्च

भाऊजी,

तुम्ही नको म्हणालात म्हणून नाही वाचलं. पाकीट गणवेशांच्या ढिगाखाली ठेवलं. संध्याकाळी बाबांनी विचारलं, "आज पत्र?" मी म्हणाले, "नाही आलं." हळू आवाजात म्हणाले. म्हणताना माझं मलाच ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी बाबा स्वतः कोपऱ्यावरच्या पोस्टात चौकशी करायला निघाले. पायात चप्पल घालत होते. वाटेत पोस्टमन भेटला असता, त्यानं सांगितलं असतं, "दिलं की सूनबाईंच्या हातात," आणि मग माझंही मांजर उघडं पडलं असतं.

मी त्यांना बसवलं आणि वाचलं. सगळं. माफ करा. न वाचता मला शिवणही सरळ येत नव्हती.

बाबा तुमच्यावर ओरडतील असं मला वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. "पुन्हा वाच" नाही म्हणाले. चपला काढल्या, जागेवर ठेवल्या. रात्री जेवले नाहीत. तुमच्या दादांनी सकाळी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "मी त्या दिवशी उगाच बोललो." एवढंच.

मग दुपारी माझ्याकडून पेन मागून घेतलं. खाली त्यांचं अक्षर आहे. मी वाचलेलं नाही, घडी घालून दिलं त्यांनी.

मी तुम्हाला काय करा ते सांगणार नाही. तुम्हाला ते केव्हाचं ठाऊक आहे. फक्त आता मला लिहू नका. जे मला लिहिलंत ते तिथे बोला. मग लिहा.

वहिनी

*टाकीत पाणी शिरलं तर वरून कितीही चांगलं डिझेल ओतलं तरी गाडी बंदच पडते. टाकी तळापर्यंत रिकामी करावी लागते. हात घाण होतात. मी पुष्कळदा केलं आहे. जमतं.*
*— बाबा*

२९ मार्च

वहिनी, आणि बाबा (तू वाचून दाखवणारच आहेस),

बोललो.

ठरवलं होतं बाईंना एकटीला गाठून सांगायचं. मग वाटलं, भोंग्यावर आळ घेतला तो सगळ्यांसमोर, आणि काढायचा एकटीच्या कानात? घाणा बंद व्हायची वाट पाहिली. बंद झाल्यावर इतकी शांतता झाली की नव्या अळ्यांचं चुरचुरणं ऐकू यायला लागलं. बाईंनी दुसरीकडून उसनी अंडी आणून ट्रेची एक रांग पुन्हा उभी केली आहे. मी म्हणालो, "भोंग्यानं सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. मी खोटं बोललो." या वेळी आवाज चढला माझा. फुटलाच.

घाण्यावरचे काका हळूच म्हणाले, "अरेरे, काडेपेटी." तेवढं पुरलं.

बाईंनी विचारलं, "का?" मी थेंबूकडे न बघता सांगितलं. फुलाचं, सगळं. सांगताना ते इतकं क्षुल्लक वाटलं, वहिनी! एका फुलापायी एका माणसाचं घर.

थेंबू जागेवरून उठली आणि तिच्या खोलीत गेली. मला वाटलं संपलं. ती परत आली ते रिकामं काचपात्र हातात घेऊन. बाईंना म्हणाली, "फुलाबरोबर यात तीन-चार अळ्याही टाकल्या होत्या त्यानं. मला वाटलं फुलातून चुकून आल्या. आवाजात काही ऐकू येत नव्हतं, तो हातानं फुलाकडे नि अळ्यांकडे दाखवत होता. मला वाटलं... मला भलतंच वाटलं. लाजही वाटली, रागही आला. संध्याकाळी बघते तर अळ्या मेलेल्या. फुलासकट टाकून दिल्या. तो गेल्यावर माझ्या लक्षात येत होतं, आणि मी येऊ देत नव्हते. कुणी विचारलं असतं तर फुलाचं सांगावं लागलं असतं."

म्हणजे ते फूल तिला दिलेलं नव्हतंच. त्यानं तिच्या टेबलावर चाखणी लावून ठेवली होती. मला सांगितलं तरी मी करीन की नाही याचा त्याला भरवसा नसावा. माझ्याइतकं मला तोच ओळखत होता.

बाई खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "मीही त्याला दुसरं वाक्य बोलू दिलं नाही. तो ओरडला म्हणून." मग माझ्याकडे वळल्या. "तुझं काय करायचं ते नंतर. आधी त्याला घेऊन ये. मी माफी मागणार आहे, पण त्याला शोधायला मी जाणार नाही. तू जायचंस. मारलं तर खायचंस."

तो नदीपलीकडच्या भाजीबाजारात पोती वाहतो, असं काकांना ठाऊक आहे. तिथे निघालो आहे. तो येईल की नाही, सांगता येत नाही. मी त्याच्या जागी असतो तर आलो नसतो. पण त्याला तोंडावर सांगायचं आहे, की तू सांगितलं होतंस. एवढं एक वाक्य. पुढे तो काय करील ते त्याचं.

थेंबूशी शेवटचं बोलणं पाण्याच्या नळाशी झालं. मी म्हटलं, "तू माझ्याशी बोलणार नाहीस ना आता?" ती हात धूत राहिली. म्हणाली, "मी माझ्याशीच बोलत नाहीये सध्या." मग नळ बंद करून, "गुलाबी झालं की थांबायचं सांगितलं होतं तुला. मला वाटलं तुला समजलं." रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर मला काहीतरी उत्तर सुचलं असतं. तिच्याविषयी यापुढे लिहिणार नाही, वहिनी. तुला चुकल्याचुकल्यासारखं वाटेल, पण नाही.

खोली रिकामी केली. माझं सामान होतंच किती? पोत्यांशेजारी नेऊन ठेवलं. खाटेवरची चादर धुऊन वाळवून घातली. खाटेचा खोलगा तसाच आहे, त्याचाच होता. आरसा पुसला. शेवटचं त्यात पाहिलं, लहान आणि लांब दिसलो. ठीकच आहे.

बाबा, तळापर्यंत अजून पोचलो नाही. भोंग्याच्या समोर उभा राहीन तेव्हा पोचेन. हात घाण झालेत. तुम्ही म्हणता तर जमेल.

कॉलेजचं दार मी उघडं टाकून आलो, आपल्या घराचंही. इथे बाई रोज ओरडायच्या, मागचं लावल्याशिवाय पुढचं उघडायचं नाही. मला वाटायचं तो माशांचा नियम आहे.

पाकीट जाताना टाकतो. खोलीच्या दाराला कुलूप लावत नाही, तो आला तर त्याला हाक मारत उभं राहावं लागू नये. नुसती कडी. बाहेर आलो आहे, कागद भिंतीवर टेकवून या दोन ओळी लिहितो आहे, म्हणून अक्षर असं. दार जड आहे, खालून फरशीला घासतं, उचलून लावावं लागतं. उचललं. लावलं.